भरतीचं गणित

११ जानेवारी

आदरणीय लेखिकाबाई,

तुमचं पत्र मासिकाच्या कचेरीतून फिरत फिरत माझ्यापर्यंत पोचलं. 'दोन चंद्रांची वस्ती'च्या चौथ्या भागाचं मी केलेलं परीक्षण वाचून तुम्ही चिडला असाल, असं धरूनच पाकीट फोडलं. आत आभार निघाले. परीक्षकाला आभारांची सवय नसते, म्हणून उत्तराला उशीर झाला. टाइप करून पाठवतोय, कारण माझं अक्षर कोणाला दाखवण्यासारखं नाही.

नेमकं काय चुकलं ते मोकळेपणाने सांगा, असं तुम्ही म्हणता. सांगतो.

मुख्य चूक भरतीची. तुमच्या ग्रहाला दोन चंद्र. एक बारा दिवसांत फेरी मारतो, दुसरा वीस दिवसांत. दोघांची ओढ एकत्र आली की समुद्र पार कड्यापर्यंत चढतो. ही मोठी भरती तुम्ही दर साठ दिवसांनी आणलीत आणि त्या भरवशावर अख्खी वस्ती, म्हातारेकोतारे, तान्ही पोरं, सगळ्यांना पन्नास दिवसांसाठी समुद्राच्या उघड्या तळावर उतरवलंत. बारा आणि वीसचा लसावि साठ, हे खरं. पण एकमेकांना गाठायला हे चंद्र साठ दिवस थांबत नाहीत. तिसाव्या दिवशी एकाच्या अडीच फेऱ्या झालेल्या असतात, दुसऱ्याच्या दीड, आणि दोघं एकाच बाजूला येतात. म्हणजे तुमची माणसं पुस्तकाच्या मध्यावरच बुडायला हवी होती. 'लेखिकेला साधं गणितही येत नाही' हे माझं वाक्य तुम्हाला लागलं असेल. शब्द जरा कडक झाले, पण चूक ती चूक. आकडे कोणाकडून तपासून घेतले होते का?

दुसरं, तुमचा तो भरतीमास्तर. भरती मोजणारा, भोंगा वाजवणारा, नाक वर करून फिरणारा. चार भागांत तो एकदाही चुकत नाही, एकदाही कोणाची माफी मागत नाही, आणि तरी सगळे त्याला सांभाळून घेतात. असा माणूस पटत नाही. पाचव्या भागात त्याला मारून टाका, मालिका हलकी होईल.

राग मानू नका. कान तपासायच्या त्या काचेच्या खोलीबाहेर बसून, दोन पेशंटांच्या मधल्या वेळात तुम्ही एवढं मोठं जग उभं करता, याचं मला मनापासून कौतुक आहे.

आपला,
दुर्बीण


२ मार्च

आदरणीय लेखिकाबाई,

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. एकेका पत्राला वेगळं उत्तर द्यायला हवं होतं, जमलं नाही. शाळेत परीक्षा. म्हणजे, घरातल्या मुलांच्या.

चूक सर्वस्वी माझी, गणितात मी पहिल्यापासून कच्ची, असं तुम्ही लिहिलंत. आकडे कोणाकडून तपासून घेतले होते का, असं मी विचारलं होतं. त्यावर तुमचं उत्तर एका शब्दाचं आहे. 'नाही.' पुढे पूर्णविराम, आणि लगेच नवा परिच्छेद. बरं. मी पुन्हा विचारणार नाही.

भरतीमास्तराबद्दल. तो तुमचा धाकटा भाऊ आहे, आणि त्याला मारणं तुमच्या हातून होणार नाही, हे तुम्ही सांगितलंत. लहानपणी त्याचा डावा कान वाहायचा, त्या बाजूचं त्याला ऐकू यायचं नाही, म्हणून शाळेत जाताना तुम्ही कायम त्याच्या डाव्या अंगाने चालायचात, गाडी आली की ढकलायला. पुढे तुम्ही कानांचं काम शिकलात तेही त्याच्यापायी. वस्तीचा भोंगा एवढा मोठा का वाजतो याचं कारण तुम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं: वाजवणाऱ्याला कमी ऐकू येतं म्हणून. ही दोन पानं तुम्ही मला लिहायला नको होती. मी परका माणूस. आलेली दोन्ही पानं मी वाचली आणि घडी घालून ठेवली आहेत.

भाऊ सहा महिने फिरकलेला नाही, त्याचं काय बिनसलं ते कळत नाही, असं म्हणता. मी काय सांगणार? कामात असेल. माणसं कामात असतात.

पाचव्या भागात साठ खोडून तीस घालायचं आणि 'जुन्या तक्त्यात चूक होती' असं भरतीमास्तराच्याच तोंडून वदवून घ्यायचं तुम्ही ठरवलंत, ते चांगलं आहे. त्यासाठी त्याला जिवंत ठेवावं लागेल, हे मान्य.

राहिली अर्पणपत्रिका. 'दुर्बीण यांस, ज्यांनी मला खरं सांगितलं' असं छापणार म्हणता. कृपा करून छापू नका. हात जोडतो.

आपला,
दुर्बीण


९ एप्रिल

ताई,

आधी कामाचं. हे वाचल्या वाचल्या छापखान्याला फोन कर आणि पाचव्या भागाची छपाई थांबव. तीस चूक आहे. पंधरा पाहिजे.

परवा मासिकाच्या संपादकांनी एक कार्ड धाडलं. बंदरात बत्तीस वर्षं भरतीचे तक्ते केलेले एक निवृत्त गृहस्थ आहेत, त्यांनी परीक्षणावर लिहिलंय: 'परीक्षकमहाशय, आपल्याकडे उधाण अमावस्येलाही येतं आणि पौर्णिमेलाही. एकदा चंद्रसूर्य एका बाजूला असतात, एकदा समोरासमोर. दोघं समोरासमोरून ओढत असले तरी पाणी चढतंच. तेव्हा लेखिकेची वस्ती तिसाव्या दिवशी नाही, पंधराव्या दिवशीच बुडाली. तुम्ही तिला पंधरा दिवस जास्त जगवलंत, त्याबद्दल धन्यवाद.'

मी करून पाहिलं. पंधराव्या दिवशी पहिल्या चंद्राची सव्वा फेरी, दुसऱ्याची पाऊण. बरोबर समोरासमोर. म्हाताऱ्याचं शंभर टक्के खरं आहे. हे मी नववीला दर वर्षी शिकवतो, ताई. फळ्यावर आकृती काढून शिकवतो.

आता दुसरं. दुर्बिणीच्या परीक्षणाबद्दल मी का लिहितोय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. दुर्बीण मीच आहे.

हे वाक्य लिहून मी उठलो, घागरीतलं पाणी प्यालो, परत येऊन बसलो. वाक्य तसंच आहे.

तीन वर्षं मी त्या नावाने परीक्षणं लिहितो. संपादकांशिवाय कोणाला माहीत नाही. तुला पाठवलेली दोन्ही पत्रं शाळेच्या कचेरीत, कारकून जेवायला गेला की टाइप केली, कारण माझं अक्षर तू डोळे मिटूनही ओळखशील. पहिल्याच पत्रात तुझ्या काचेच्या खोलीबद्दल लिहून बसलो. पेटीत पडल्यावर लक्षात आलं की तू ते कुठेच लिहिलं नव्हतंस. आठ दिवस मी टपालाची वाट पाहत होतो. तुझं उत्तर आलं: 'मलपृष्ठावर ती माहिती छापलीय वाटतं, माझ्या ध्यानातच नव्हतं.' मी पुस्तक काढून पाहिलं. नाही छापलेली. तुझा विश्वास पाहून मला हायसं वाटलं. कशाबद्दल लाज वाटावी याची यादी केली, तर ते हायसं वाटणं बरंच वर येईल.

साठ हा आकडा माझा. दहा वर्षांपूर्वी, मालिकेचा पहिला भाग सुरू होण्याआधी, तुझ्या वहीच्या शेवटच्या पानावर मीच तो मांडून दिला होता. तू म्हणाली होतीस, 'दोन चंद्र आहेत, मोठी भरती कधी येईल सांग.' मी पेन्सिलही न घेता, शाईने, खाडाखोड न करता लिहिलं: लसावि साठ. तू म्हणालीस, 'एवढ्यात झालं?' आणि मी म्हणालो, 'गणित येणाऱ्याला एवढाच वेळ लागतो.' पहिल्या तीन भागांत भरती नुसती पाठीमागे होती, तेव्हा कोणाला काही खटकलं नाही. चौथ्यात तू सगळी गोष्टच त्यावर उभी केलीस, छापायला देण्याआधी वहीसकट हस्तलिखित माझ्याकडे तपासायला दिलंस, आणि मी 'आकडे बरोबर' म्हणून सांगितलं.

चूक कळली ती पुस्तक आल्यावर. वर्गात घड्याळाचे काटे शिकवत होतो. मिनिटकाटा तासकाट्याला किती वेळाने गाठतो, यावर एका मुलीने लसावि काढला. मी म्हणालो, 'अगं, लसाविने नाही गाठत.' आणि खडू हातातच राहिला.

परीक्षण लिहिताना साठचा आकडा मुळात माझाच आहे, हे माझ्या लक्षात नव्हतं. चूक दिसली, परीक्षक म्हणून लिहिली. तुझ्यावर थोडा रागही होता. पहिल्या तिन्ही भागांत सुरुवातीला छापलेलं असायचं, 'आकडेमोड : माझा धाकटा भाऊ', आणि पुढे माझं नाव. चौथ्यात तू माझं नाव काढलंस. मला ते लागलं, म्हणून येणं थांबवलं. बाकी काही नव्हतं.

नंतर तुझी पत्रं यायला लागली. उत्तर न देणं उद्धटपणाचं झालं असतं, म्हणून दिलं. तू काय लिहिलंस ते तुला माहीत आहे. 'आकडे कोणाकडून तपासून घेतले होते का?' 'नाही.' मी तुला चारचौघांत अडाणी ठरवलं आणि तू एका परक्या माणसासमोर मला झाकलंस. ते पत्र वाचल्यावर मी तुला लिहायला हवं होतं. त्याऐवजी मी कार्ड येईपर्यंत थांबलो. कार्ड आलं नसतं तर किती थांबलो असतो, माहीत नाही.

कार्डाबद्दलही सांगतो. संपादक म्हणाले होते, 'छापायचं की नाही तुम्हीच ठरवा, हवं तर टाका केराच्या टोपलीत.' दोन दिवस ते माझ्या खिशात होतं. तू तीस छापलं असतंस, लोक पुन्हा तुला हसले असते, आणि दुर्बिणीला काही झालं नसतं. दोन दिवस, ताई.

पंधराचं सगळं गणित सोबत वेगळ्या कागदावर मांडलं आहे. या वेळी माझ्यावर विसंबू नकोस. त्या गृहस्थांचा पत्ता खाली दिलाय, त्यांच्याकडून तपासून घे.

अर्पणपत्रिका तेवढी काढ.

तुझा धाकटा


१६ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर नाही. येईल असं धरलंही नव्हतं. छपाई थांबली, एवढं मला प्रकाशकांकडून कळलं. फोनवर ते म्हणाले, 'बाईंनी सकाळीच येऊन प्रूफं परत नेली. बसा म्हटलं, तर बसल्याही नाहीत.'

मी मासिकाला खुलासा लिहून दिला. चौथ्या भागातला साठ लेखिकेचा नव्हता, तो मी काढून दिला होता. परीक्षणही माझंच होतं. आणि परीक्षणातला तीसही चुकलेला आहे. खाली माझं खरं नाव आणि शाळा. संपादकांनी दोनदा वाचलं.

'नाव छापू? खरंच?'

'छापा.'

'दुर्बीण बंद होईल मग.'

'होऊ दे.'

'अहो, पण एवढं कोण विचारायला बसलंय? गोष्टीतला ग्रह, गोष्टीतले चंद्र. नुसती दुरुस्ती टाकू की. बाईंचा अपमान कोणाच्या लक्षातही नसेल आता.'

'बाईंच्या असेल,' मी म्हणालो.

शेवटच्या पानावर, पंचांगाच्या वरती अर्धा स्तंभ मिळाला. काल अंक शाळेत आला. आमच्या शिक्षकांच्या खोलीत मासिक कोणी उघडून बघत नाही, असा माझा समज होता. चित्रकलेच्या बाईंनी उघडलं. त्यांनी वाचलं, शेजारच्यांना दिलं, असं करत ते टेबलाभोवती फिरून आलं. कोणी हसलं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, 'सर, बहिणीचं होतं होय ते पुस्तक? आम्हाला बोलला नाहीत कधी.' तास नव्हता, तरी वर्गाकडे निघून गेलो.

नववीच्या वर्गात मात्र सांगितलं. घड्याळाच्या काट्यांत लसावि काढणारी मुलगी पहिल्या बाकावर बसते. तिला म्हणालो, 'तुझ्यासारखीच चूक मी केली होती, आणि ती छापून आली.' तिने विचारलं, 'मग तुम्हाला कोण ओरडलं, सर?'

ओरडलं कोणीच नाही, ताई. तेच तर.

धाकटा


२८ एप्रिल

ताई,

तुझं पाकीट काल मिळालं. हाताला जाड लागलं, म्हणून उभ्या उभ्याच फोडलं. आत तुझं पत्र नव्हतं. माझंच होतं, नऊ तारखेचं, परत आलेलं. चष्मा पुसून पाहिलं तेव्हा पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. एवढ्या लांबलचक पत्रात तू फक्त तीन ठिकाणी अधोरेखित केलं आहेस, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात एक ओळ: 'इथे इथे तू स्वतःला सोडवून घेतलंयस. पुन्हा लिही.'

मी वीस वर्षं पोरांच्या वह्या तपासतो. असा शेरा मला कधी सुचला नाही.

पुन्हा लिहितो.

पहिली खूण : 'चौथ्यात तू माझं नाव काढलंस.' त्याच्या बाजूला तू लिहिलंस, 'कोणी सांगितलं होतं?'

मी. चौथा भाग छापायला जाण्याच्या आधी एकदा शिक्षकांच्या खोलीत मुख्याध्यापक गमतीने म्हणाले, 'काय सर, चंद्रावरच्या शाळेत बदली मागितलीत म्हणे? पुस्तकात नाव वाचलं आमच्या पुतण्याने.' सगळे हसले. वाईट कोणी हसलं नव्हतं. त्याच रविवारी मी तुझ्याकडे आलो. तू इस्त्री करत होतीस. मी म्हणालो, 'असल्या परीकथांखाली माझं नाव घालत जाऊ नकोस, मला चारचौघांत वावरायचं असतं.' तू इस्त्री उभी केलीस आणि विचारलंस, 'आकडे तपासशील ना पण?' मी म्हणालो, 'ते बघू.' तू बरं म्हणालीस आणि पुन्हा कपडे घ्यायला लागलीस. परवा मुख्याध्यापक 'बोलला नाहीत कधी' म्हणाले, म्हणजे ती गंमत त्यांना आठवतसुद्धा नाही. मी तिच्यापायी तुला तोडलं.

दुसरी खूण : 'उत्तर न देणं उद्धटपणाचं झालं असतं, म्हणून दिलं.' तू नुसतं प्रश्नचिन्ह काढलंयस.

मला आवडलं म्हणून दिलं. तू मला 'आदरणीय' लिहिलंस. दहा वर्षं मी तुला आकडे सांगत आलो, पण तू कधी पुस्तकातल्या माणसांबद्दल मला विचारलं नव्हतंस: हा कसा वाटला, ही खरी वाटते का. दुर्बिणीला विचारलंस. तुझं पत्र येऊन पडलं की मी चहा करून घ्यायचो आणि मग सावकाश फोडायचो. तू भावाबद्दल लिहिलेली ती दोन पानं मी वाचून घडी घातली, असं तुला लिहिलं होतं. खोटं आहे. मी ती कितीतरी वेळा वाचली. तू माझ्याबद्दल काय बोलतेस हे दाराआडून ऐकायला मिळत होतं, आणि चांगलं बोलत होतीस. मला ते बंद व्हायला नको होतं.

तिसरी खूण. 'साठचा आकडा मुळात माझाच आहे, हे माझ्या लक्षात नव्हतं.' याच्याखाली तू रेघ दोनदा ओढलीस. दुसऱ्यांदा पेन्सिल कागदातून आरपार गेली आहे.

माझ्या लक्षात होतं.

वर्गात खडू हातात राहिला, त्याच क्षणी आठवलं. घरी आलो आणि तुझी वही काढली, तपासायला दिलेली, मी कधी परतच केली नाही ती. शेवटचं पान उघडलं. मला कसली भीती वाटली ते सांगतो. कोणीतरी वाचक ही चूक पकडेल, जुने तीन भाग काढेल, 'आकडेमोड : धाकटा भाऊ' वाचेल, आणि शाळेत मग खरंच हसतील. चौथ्या भागात माझं नाव नव्हतं. तुझ्यावर रागावण्याऐवजी मला ते सोयीचं वाटलं. दुसऱ्या कोणी बोलायच्या आत आपणच बोललो, आणि चूक तुझ्या नावावर घट्ट चिकटवली, तर मागे जाऊन कोणी शोधणार नाही, हे मी विचार करून ठरवलं. एका बैठकीत परीक्षण झालं. संपादक म्हणाले, 'आज तुम्हाला सूर सापडला.'

येणं थांबवलं ते रागाने नाही. परीक्षण छापून आल्यानंतरच्या रविवारी मी तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. तू वरच्या खिडकीत चादर झटकत होतीस. तू मला पाहिलं नाहीस. मी परत फिरलो. त्यानंतर आलो नाही.

आणि परीक्षण लिहिताना ती वही माझ्यासमोर टेबलावर उघडी होती. पान उलटू नये म्हणून त्यावर मी डावा हात ठेवला होता. माझा साठ माझ्याच बोटांखाली होता, आणि उजव्या हाताने मी 'लेखिकेला साधं गणितही येत नाही' हे वाक्य लिहिलं. लिहून झाल्यावर वाचून पाहिलं. 'साधं' हा शब्द नंतर घातला.

धाकटा